पोह्यांचं पान आधी उघडा

आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली तेव्हा जेवणाचं काय, हा प्रश्न कुणाला फार मोठा वाटला नव्हता. डबा लावता आला असता. सांगलीत पोळी-भाजी केंद्रांना तोटा नाही, आणि शेजारच्या काकू तर ‘दोन माणसांचं ते काय’ म्हणून सांगूनही गेल्या होत्या. मोडता घातला बाबांनी. "डबा नको. मी शिकतो," म्हणाले. वय सत्तरीच्या पुढं, सगळी नोकरी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत, आणि ओट्याशी संबंध सकाळच्या चहापुरता. पुढची मागणी त्यांच्या स्वभावाला धरूनच होती. "तू पुण्यात असतेस. मला एक चांगलं पुस्तक बघून आण."

मी मोबाइलवरचे व्हिडिओ सुचवून पाहिले. एक-दोन त्यांनी बघितलेही. "ती बाई पुढं जाते, मी मागं राहतो. मागं न्यायला बोट लावावं तर बोट हळदीचं. आणि बोलते किती!" विषय संपला.

आईकडून शिकायचा प्रयोग त्याआधीच करून झाला होता. आई पलंगावरून सांगायची आणि हे वहीत लिहून घ्यायचे. तिच्या सांगण्यात ‘बेतानं’, ‘जरा’, ‘वास सुटला की’ असे शब्द आले की यांची लेखणी थांबायची. बेतानं म्हणजे किती चमचे? "अहो, दिसतं की डोळ्यांनी!" यावर बाबांचं म्हणणं असं, की तुला दिसतं, मला काय बघायचं तेच माहीत नाही. मला हे वाक्य फार पटलं. पुढं दुकानात पुस्तकं उघडताना तेच माझ्या डोक्यात राहिलं.

घरात पाकपुस्तक नव्हतं असं नाही. कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ होती, आईला लग्नात मिळालेली, कव्हर केव्हाच निघून गेलेलं. १९७० साली आलेलं हे पुस्तक लग्नात देण्याची पद्धतच पडली होती कितीतरी घरांत. त्यातली मापं वाटी-चमच्याची आहेत. घरात तराजू नसला तरी अडत नाही, आणि त्या काळच्या नव्या गृहिणीला हा केवढा आधार वाटला असेल! बाबांनी ते चाळलं, आवडलंही, पण दोन दिवसांनी परत कपाटात ठेवलं. "यात सगळं आहे. मला थोडं पाहिजे." इतक्या पाककृतींमधून पहिल्या आठवड्यात काय करायचं आणि काय नाही, हे नवख्याला ठरवता येत नाही. ज्या मुलींसाठी ते पुस्तक लिहिलं गेलं त्या आईच्या मागंमागं स्वयंपाकघरात वावरलेल्या होत्या. बाबा कधीच वावरले नव्हते.

मग सुट्टीत गेले तेव्हा आम्ही दोघं गावातल्या वाचनालयात गेलो. पाकशास्त्राचं कपाट बघून बाबा खूश झाले, कारण तिथं जाड बांधणीचं एक जुनं पुस्तक निघालं ज्यात मापं शेर, छटाक आणि तोळ्यात होती. दशमान मापं आपल्याकडं १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं आली, त्याच्या आधीचं ते. ऐंशी तोळ्यांचा शेर, तोळा म्हणजे साडेअकरा ग्रॅमच्या वर थोडं, तेव्हा शेर झाला नऊशे तेहेतीस ग्रॅमच्या आसपास. हे गणित त्यांनी उभ्या उभ्या केलं. स्वयंपाकाच्या दृष्टीनं उपयोग शून्य. पण मराठीत अशी पुस्तकं किती काळापासून छापली जातायत हे तिथं जाणवलं. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं ‘सूपशास्त्र’ १८७५ चं आहे. लक्ष्मीबाई धुरंधरांच्या ‘गृहिणीमित्रा’त तर हजार पाककृती. हजाराचं हे आकर्षण अजून गेलेलं नाही. आजही दुकानात गेलं की निम्म्या मुखपृष्ठांवर हजार, पाचशे एक, तीनशे पासष्ट असे आकडे दिसतात, जणू पहिल्यांदा कुकर लावणाऱ्याची अडचण पदार्थांच्या तुटवड्याची असते.

खरी निवड झाली पुण्यात, अप्पा बळवंत चौकात. त्या भागात दुकानांची रांगच आहे आणि दुकानदारांना पानं उलटत उभ्या राहणाऱ्या गिऱ्हाइकाची सवय असते. पहिल्या फेरीत मी वेडीवाकडी कुठलीही पानं उघडत होते. पनीरची भाजी, मग खरवस, मग एकदम बिर्याणी. त्यातून काही ठरेना. सगळीच पुस्तकं बरी वाटत होती. मग ठरवलं, की प्रत्येक पुस्तकात एकच पदार्थ वाचायचा: कांदेपोहे.

पोहेच का, तर कृती लहान आहे, सामान सगळ्यांच्या घरात असतं, आणि बिघडायच्या सगळ्या जागा अशा आहेत की करणारी व्यक्ती त्या सहसा बोलून दाखवत नाही. एका जाडजूड पुस्तकात ती कृती तीन ओळींत होती: पोहे भिजवून घ्यावेत, नेहमीप्रमाणे फोडणी करून कांदा परतावा, पोहे घालून वाफ आणावी. बाबांनी हे वाचून पोहे पातेल्यात पाणी घालून ठेवले असते, आणि अर्ध्या तासानं त्याची लापशी झाली असती. ‘नेहमीप्रमाणे’ हा शब्द दिसला की मी ते पुस्तक मिटायला लागले. ज्याचं नेहमीचं काहीच नाही त्याला तो शब्द काय सांगणार?

दुसऱ्या एका पुस्तकात जाडे पोहे घ्या, पातळ नकोत, ते चिवड्याचे, असं स्पष्ट होतं. चाळणीत घेऊन नळाखाली धुवायचे, पाणी निथळू द्यायचं, झाकून पाच-दहा मिनिटं ठेवायचे. भिजलेत की नाही हे बघायला एक पोहा बोटांत दाबायचा. आत कडक कणी लागली तर पाण्याचा आणखी हबका मारायचा. मीठ-साखर कढईत न घालता आधी पोह्यांनाच लावून ठेवायची म्हणजे सगळीकडं सारखी लागते. कांदा तांबूस होईपर्यंत परतायचा नाही, मऊ झाला की पुरे. हळद फोडणीत शेवटी, कारण ती लगेच करपते. पोहे घातल्यावर आच बारीक, झाकण, दोन-तीन मिनिटं वाफ. ही कृती पाऊण पानाची होती. आई ज्याला डोळ्यांनी दिसतं म्हणत होती, ते काय दिसतं हे तिथं लिहिलेलं होतं. ते पुस्तक मी बाजूला काढून ठेवलं.

पोह्यांनंतर वरण. तिथं मी कुकरबद्दल काय लिहिलंय ते बघत होते. ‘तीन शिट्ट्या कराव्यात’ असं बहुतेक ठिकाणी असतं आणि अनुभवी बाईला ते पुरतं, कारण तिला आपला कुकर माहीत असतो. पण एखादा कुकर मोठ्या आचेवर धडाधड शिट्ट्या देतो, दुसरा मिनिटा-मिनिटानं. शिट्टी म्हणजे वेळ नव्हे. पहिली शिट्टी झाली की आच बारीक करून दहा-बारा मिनिटं, असं लिहिलेलं पुस्तक कुठल्याही कुकरला चालतं. फोनवर हे बाबांना सांगितलं तर ते खुलले. कुकरमधल्या दाबाखाली पाणी शंभराला न उकळता साधारण एकशेवीस अंशांपर्यंत जातं, त्या तापमानाला डाळ किती मिनिटं राहिली एवढाच प्रश्न आहे, शिट्टी म्हणजे फक्त जास्तीची वाफ बाहेर टाकणं. "हे तुझ्या आईला सांग," म्हणाले. आईला सांगितलं. ती म्हणाली, "तीन शिट्ट्यांत होते आपली डाळ." दोघांचंही बरोबर होतं, फक्त आईचं एका कुकरपुरतं.

चकचकीत कागदावरच्या फोटोंचा मला फार राग यायला लागला, हे इथं सांगून टाकते. अख्ख्या पानभर तयार पदार्थ, बाजूला पितळेचा पेला, मागं सुती पडदा. फोटो हवा असतो तो मधल्या टप्प्याचा. कांदा ‘गुलाबीसर’ म्हणजे कसा, मसाल्याला तेल सुटलं म्हणजे कडेनं काय दिसतं, भाकरीचं पीठ पुरेसं मळलं गेलं की कसं दिसतं. असे फोटो असलेली पुस्तकं फार थोडी दिसली, आणि जी होती ती केक-बिस्किटांची.

बांधणीकडंही बघितलं. ओट्यावर पुस्तक उघडं राहिलं पाहिजे. हात सोडला की आपोआप मिटणारं पुस्तक काय कामाचं? अक्षर मोठं हवं, कारण फोडणी देताना वाफेनं चष्मा धुरकटतो. सूची हवी, आणि ती भाजीच्या नावानं लावलेली. बाबा मंडईतून दुधी घेऊन येणार, आणि मग बघणार दुधीचं काय करता येतं. ‘रस्साभाज्या’, ‘कोरड्या भाज्या’, ‘भरल्या भाज्या’ अशा विभागांत दुधी कुठं दडलाय हे शोधायला आधी स्वयंपाक यावा लागतो.

आणखी एक गोष्ट मला तोवर सुचलीच नव्हती, ती दुकानातल्या एका गृहस्थांनी सुचवली. ते म्हणाले, "किती माणसांचं माप आहे ते बघा." बहुतेक पुस्तकं चार ते सहा माणसांची. आमच्या घरी दोन, त्यातलं एक औषधांमुळं कमी जेवणारं. निम्मं करायला काय लागतं, असं वाटतं खरं. डाळ निम्मी होते, मीठ निम्मं होतं. पण फोडणीचं तेल निम्मं केलं तर कढल्याच्या तळालाही पुरत नाही आणि मोहरी तडतडायच्या आत काळी पडते. पाणी निम्मं घातलं तर पातेलं तेवढंच मोठं असल्यामुळं आमटी आटून पिठलं होतं. नवख्याला हे भाग-गुणाकार पहिल्या महिन्यात करायला लावू नयेत.

चवीचा प्रश्न राहिला, आणि तो सगळ्यांत अवघड निघाला. पुण्याकडच्या पुस्तकांतली आमटी म्हणजे गोडा मसाला, चिंच, गूळ. आमच्याकडं डाळीत कांदा-लसणाची चटणी पडते, वर्षाची एकदम करून बरणीत भरलेली, आणि गूळ पडलाच तर पुरणपोळीच्या दिवशी कटाच्या आमटीत. सारस्वत घरातल्या माझ्या मैत्रिणीनं तिच्या आजीची ‘रसचंद्रिका’ दाखवली. त्यांच्या घरात शिकणाऱ्यानं तिथूनच सुरुवात करावी, पण आमच्या बाबांना रोज नारळ फोडायला लावून काय करू? छापील पुस्तकं कुठल्या घरांच्या चुलीवरून लिहिली गेली हे एकदा लक्षात आलं की सारखं दिसत राहतं. शाहू पाटोळ्यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ मी याच सुमारास वाचलं. मराठवाड्यातल्या महार-मांग समाजांचं खाणं त्यात आहे, जे या कपाटांत आजवर कुठं नव्हतंच. नवशिक्याच्या हातात द्यायचं ते पुस्तक नाही, त्याचा हेतूच वेगळा. पण ते वाचल्यावर ‘महाराष्ट्रीय पाककृती’ असं मोठ्या अक्षरांत छापलेल्या मुखपृष्ठांवरचा माझा विश्वास उडाला तो उडालाच.

आमच्या बाजूचं, रोजच्या जेवणाचं, दोन माणसांच्या मापाचं आणि सगळं समजावून सांगणारं असं एकच पुस्तक काही मिळालं नाही. तेव्हा काय सोडायचं ते ठरवणं भाग होतं. मी चव सोडली. चव घरात होती, पलंगावर बसलेली. टप्पे सांगणारं कुणी नव्हतं.

शेवटी घेतलं ते बारीकसं पुस्तक, घराबाहेर राहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी लिहिलेलं. शंभराच्या आत पाककृती, एक-दोन माणसांचं माप, प्रत्येक कृतीखाली बिघडलं तर काय करायचं याच्या दोन-तीन ओळी. मीठ जास्त झालं तर, बुडाला लागलं तर, भात गचका झाला तर. नाव देत नाही, कारण आमच्या घराचा हिशेब तुमच्या घराला लागू पडेलच असं नाही. बाबांना मुखपृष्ठावरचा पाठीवर सॅक लावलेला मुलगा पसंत पडला नाही. त्यांनी वर्तमानपत्राचं कव्हर घातलं आणि त्यावर रेघ मारून ‘प्रयोगवही’ असं लिहिलं.

पहिल्या आठवड्यात त्यांनी पुस्तकातलं फारसं काही केलंच नाही, मोजमाप केलं. घरातल्या वाट्यांत किती पाणी मावतं ते मापून बघितलं. एकीत दीडशे मिलिलिटर, दुसरीत दोनशेच्या वर. चहाचा चमचा आणि पोह्याचा चमचा यांतला फरक लिहून ठेवला. मग एक वाटी ठरवून टाकली, तिला कुणी हात लावायचा नाही. मला आधी हसू आलं, पण पुस्तकातल्या वाटीचा अर्थ लावायला हे करावंच लागतं. भाताच्या पाण्याचा वाद त्यातूनच मिटला. पुस्तकात वाटीला दोन वाट्या पाणी होतं, आमच्याकडं नवा इंद्रायणी होता आणि त्या पाण्यात तो गोळा व्हायचा. नव्या तांदळाला पाणी कमी, जुन्याला जास्त, हे आईचं ज्ञान बाबांनी समासात लिहून घेतलं, पाव वाटीच्या फरकासकट.

पोहे उत्तम झाले. आमटीला वेळ लागला. पुस्तकात गोडा मसाला दोन चमचे होता, त्याजागी त्यांनी चटणी दोन चमचे घातली आणि मीठ पुस्तकातलंच ठेवलं. चटणीत मीठ असतं हे कुठल्या पुस्तकाला माहीत असणार! आईनं एक घास खाऊन पाण्याचा तांब्या मागितला. तिथून पुढं एक पद्धत बसली: कृती पुस्तकाची, मसाला आईचा, आणि बदल केलेलं प्रमाण पेन्सिलीनं बाजूला. पुढच्या खेपेला मी घरी गेले तेव्हा आमटीच्या पानावर छापलेल्यापेक्षा लिहिलेलं जास्त होतं.

भाकरी मात्र त्यांनी सोडून दिली. पुस्तकात भाकरीला अर्धं पान होतं. पीठ ताजं असावं, पाणी गरम घ्यावं, चांगलं मळावं, थापावी, पहिली बाजू तव्यावर टाकल्यावर वरून पाणी फिरवावं. सगळं खरं, आणि सगळं वाचूनही तव्यावर पडेपर्यंत तिचे तुकडे व्हायचे. "हे वाचून यायचं काम नाही," म्हणाले, आणि कोपऱ्यावरच्या बचत गटातून भाकरी आणायला लागले. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटला. पहिल्या पुस्तकाकडून सगळंच यावं असा हट्ट धरणारी माणसं महिन्याभरात डब्यावर येतात.

पावसाळा संपेपर्यंत आई हिंडू-फिरू लागली, पण सकाळचं जेवण बाबांनी सोडलं नाही. आता पुस्तक उघडं नसतं, नुसतं ओट्याच्या टोकाला असतं. नवी मागणी दिवाळीच्या तोंडावर आली. विद्यार्थ्यांच्या पुस्तकात फराळ नाही. त्यामुळं बिनकव्हरची ‘रुचिरा’ कपाटातून पुन्हा बाहेर निघाली आणि या खेपेला त्यांना ती नीट वाचता आली, कारण परतणं, वाफवणं, तेल सुटणं हे आता त्यांनी बघितलेलं होतं. अडलं फक्त रव्याच्या लाडवांच्या पाकाशी.

एकतारी पाक साधारण एकशेचार-पाच अंशांना होतो, तेव्हा थर्मामीटर आणू या, असं बाबांचं म्हणणं. आईचं म्हणणं, दोन बोटांत धरून बघावा, तार आली की आला. यावर बाबांनी बराच वेळ काही उत्तर दिलं नाही. मग कारखान्यातल्या पॅनवरच्या, म्हणजे पाक आटवून साखरेचा दाणा पाडणाऱ्या, माणसाची गोष्ट सांगितली. एवढाली उपकरणं बसवलेली, तरी तो पॅनमधल्या पाकाचा थेंब काचेवर घेऊन दाणा बघायचा, बोटात चिकटपणा बघायचा, आणि प्रयोगशाळेचा आकडा यायच्या आधी त्याचं ठरलेलं असायचं. "मग?" आई म्हणाली.

"मग काही नाही. त्याला वीस वर्षं लागली होती," बाबा म्हणाले. "तू थर्मामीटर घेऊन ये."

आणला. आईनं तो चमच्यांच्या डब्यात ठेवू दिला नाही, औषधांच्या डब्यात ठेवलाय. या दिवाळीला दोन घाण्यांचे लाडू होणार आहेत, एक आकड्याचा आणि एक बोटांचा, आणि कुठला कुठला हे मला न सांगता खायला देणार आहेत.